डिस्कससाठी टाकी: मोकळ्या तळाची की झाडांची?

डिस्कस या शोभेच्या माशाची पिल्लं दोन-अडीच इंचांची असतील तर मी डोळे झाकून मोकळ्या तळाची, म्हणजे वाळू-खडी न घातलेली टाकी सांगेन. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं. उरलेलं खाणं आणि विष्ठा काचेवर लगेच दिसते, नळी लावून दोन मिनिटांत ओढून टाकता येते. रोज 30 ते 50 टक्के पाणी बदलणंही सोपं जातं. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी झाली की आतड्यात काहीतरी बिघडलंय हे कळतं. वाळूत ते कुठलं दिसायला? रूपाला मात्र ही टाकी म्हणजे दवाखानाच.

झाडांची टाकी देखणी. पण डिस्कसला 28 ते 30 अंश तापमान लागतं आणि त्या उबेत नाजूक झाडं टिकत नाहीत. अनुबियास, जावा फर्न, ॲमेझॉन स्वोर्ड तग धरतात. वाढ झालेले पाच-सहा मासे आणि 250 लिटरच्या पुढची टाकी असेल तर खुशाल करा. तळाला बारीक वाळूचा पातळ थर पुरे, खडी नको. तिच्यात घाण अडकते.

पाणी दोन्हीकडे सारखंच: क्लोरीन काढलेलं, टाकीइतकंच कोमट. बोअरचं जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मोठ्या माशांना बहुधा सोसतं, अंड्यांसाठी मात्र मऊच हवं.