पंधरा वर्षांची वॅगन आर: ठेवायची की काढायची?

आमची वॅगन आर २०११ ची, व्हीएक्सआय पेट्रोल, गोव्यात डिचोलीत घरासमोर उभी असते आणि यंदा तिची आरसी (नोंदणी) संपते म्हणून घरात सध्या दुसरा विषयच नाही. बाबा म्हणतात गाडीला झालंय काय म्हणून काढायची, भाऊ म्हणतो आता तरी एअरबॅगवाली घ्या. दोघांचंही बरोबर आहे, पंचाईत तीच आहे.

गाडी म्हणून तिला नावं ठेवायला जागा कमी. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सिग्नलला उभं राहिलं की थोडं थरथरतं, पण ते नवं होतं तेव्हाही थरथरायचं. टायमिंग चेन आहे त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही, ऑइल वेळेवर बदललं की बिचारी कुरकुर करत नाही. क्लच झाला, लोअर आर्मचे बुश झाले, इंजिन माउंटिंग झाली, एसीची कूलिंग कॉइल झाली, पण पार्टसाठी गाडी आठवडाभर गॅरेजला पडून राहिली असं कधी झालं नाही, म्हापशाला गेलं की काउंटरवर मिळतो. आणि डिकी लहान असली तरी छत उंच आहे, चवथीला गणपती मागच्या सीटवर सरळ बसतो, तिरका धरावा लागत नाही (माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सामानाला मात्र दुसरी फेरी).

पण खरं सांगू का, गोव्यात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने दमट खारी हवा, त्यात आमची लाल माती. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात ती मातीने बुजतात, मग पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून सडत जातो, बाहेरून पेंटला नुसता एक फोड दिसतो आणि बोटाने दाबला की पापडासारखा मोडतो. म्हणून मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला, म्हटलं इंजिन नंतर बघ, आधी लिफ्टवर चढव आणि खालचं दाखव.

त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत सगळं दाखवलं. जिथे पत्रा चांगला तिथे ठण्ण वाजतो, जिथे गेलाय तिथे आवाज बसका येतो आणि लाल भुगा खाली पडतो. जॅक पॉइंट (गाडी उचलायला जॅक लावतात ती जागा) शाबूत, मागच्या सस्पेन्शनची जागा शाबूत, फक्त ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाखाली तळहाताएवढा पत्रा खलास. कारण काय तर एसीच्या पाण्याची नळी कधीतरी तुंबली होती आणि पाणी बाहेर पडायच्या ऐवजी मॅटखाली मुरत होतं, गाडीत कुबट वास यायचा तो याचाच. तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड केला, प्रायमर मारला, मग कोटिंग. हा क्रम महत्त्वाचा आहे हं, मागे एका ठिकाणी आम्हाला गंजावरच काळं कोटिंग फासून दिलं होतं, वरून चकाचक आणि आत ओल कोंडलेली. गंज घासून काढल्याशिवाय कोटिंग मारून घेऊ नका, ते कितीही स्वस्तात मिळो.

आता कागद. दिल्लीत पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी बंद असं ऐकून इथेही लोक घाबरतात, पण तो प्रकार तिकडचा. आपल्याकडे आरसीची मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज, भरायचा, गाडी नेऊन दाखवायची, पास झाली की पुढची ५ वर्षं मिळतात. फी मात्र एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झालीय, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००, म्हणजे २०३१ ला हाच प्रश्न दुप्पट महाग होऊन परत येणार. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. अॅव्हरेज थोडं पडलंय, जाणवतं.

नवीन बघितल्या नाहीत असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा भाऊ शोरूममध्येच जाऊन बसला होता. नवी वॅगन आर आतून ऐसपैस, डिकी ३४१ लिटरची, पण रुंदी १४७५ ची १६२० मिमी झालीय आणि आमच्या वाडीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी गडगा (दगडी कुंपण) आहे, समोरून कोणी आलं की तिथे बोटभर जागा पण मोलाची. शिवाय २०२३ च्या ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला मोठ्यांसाठी १ स्टार आणि मुलांसाठी शून्य मिळालेला. आता सहा एअरबॅग देतात, चांगलंच आहे, पण नुसत्या एअरबॅग मोजून माझं समाधान होत नाही. टाटाच्या टियागोला २०२० मध्ये ४ स्टार मिळाले होते, सेफ्टीसाठीच बदलायची तर मी तिकडे जाईन, फक्त ती आणखी रुंद.

तर ठरलं असं की ठेवायची, पण अटी घालून. एअरबॅग नाही, एबीएस नाही, त्यामुळे तिने मुंबई-पुणे करायचं नाही, त्यासाठी रेल्वे आहे. डिचोली, म्हापसा, पणजी, फार तर सावंतवाडी. पणजीत ‘१८ जून’ नावाच्या रस्त्याला पार्किंग शोधताना ही चिमुकली जिथे घुसते तिथे मोठ्या गाडीवाले नुसते बघत पुढे जातात. उद्या घरातल्या कोणाला रोज हायवेने नोकरीला जावं लागलं किंवा गाडीत लहान मूल बसणार असेल तर मीच बाबांना सांगेन की काढा, मग इंजिन कितीही गोड चालत असो.

आणि तुमची गाडी समुद्राच्या काठची असेल, कळंगुट-कांदोळीकडे रोज उघड्यावर उभी राहणारी, तर आरसीची फी भरायच्या आधी जॅक लावून बघा. जॅक पॉइंटचा पत्रा आत दबला तर इंजिनावर एक रुपया घालू नका, येईल त्या किमतीला विकून टाका.