मायएसक्यूएल की पोस्टग्रेस: युजर आणि हक्कांच्या नजरेतून

डेटाबेस निवडताना वेग आणि होस्टिंगच्या खर्चावर तासन्‌तास चर्चा होते. कोणाला काय दिसावं आणि कोणाला काय बदलता यावं, हा प्रश्न मात्र लाइव्ह जायच्या आदल्या रात्री निघतो आणि घाईत सगळ्यांना सगळे हक्क दिले जातात. म्हणून फक्त याच बाजूने मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस तपासा.

मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नाव अधिक होस्ट, म्हणजे तो ज्या मशीनवरून जोडला जातो ते. लोकलहोस्टवरचा, म्हणजे त्याच मशीनवरचा 'रिपोर्ट' आणि होस्टच्या जागी टक्क्याचं चिन्ह असलेला, म्हणजे कुठूनही येणारा 'रिपोर्ट', ही दोन वेगळी खाती. पासवर्ड वेगळे, हक्कही वेगळे. एका खात्याला ग्रँट, म्हणजे हक्क द्यायचा आणि लॉगिन दुसऱ्यातून होत राहायचं, हा घोळ नेहमीचा. रोल, म्हणजे नाव दिलेले हक्कांचे गठ्ठे, आले 2018 मध्ये, 8.0 आवृत्तीत. रोल दिला तरी तो आपोआप चालू होत नाही. करंट रोल विचारला की उत्तर येतं 'नन'. सेट डिफॉल्ट रोल चालवा, नाहीतर लॉगिनवेळी सगळे रोल चालू करण्याचं सेटिंग ऑन करा. एक सोय मात्र खरोखर मोठी आहे: पूर्ण डेटाबेसवर वाचनाचा हक्क दिला की उद्या बनणारी टेबलंही त्यात येतात.

पोस्टग्रेसमध्ये नेमकं इथेच माणूस अडतो. मी एकदा रिपोर्टिंगसाठी फक्त वाचनाचा रोल केला (इथे युजरलाही रोलच म्हणतात): डेटाबेसला कनेक्ट, स्कीमावर, म्हणजे टेबलांच्या गटावर युसेज (वापराचा हक्क), सगळ्या टेबलांवर सिलेक्ट (वाचनाचा हक्क). सगळं चाललं. पुढच्या रिलीजमध्ये एक नवं टेबल आलं आणि रिपोर्टवर 'परमिशन डिनाइड'. 'सगळ्या टेबलांवर' म्हणजे त्या क्षणी असलेल्या टेबलांवर, पुढच्या नाही. मग पुढच्या टेबलांचे हक्क आधीच ठरवणारी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस ही आज्ञा चालवली, तरी पुढचं टेबल पुन्हा बंदच! कारण मी ती अ‍ॅडमिन म्हणून चालवली होती आणि टेबलं बनवत होता मायग्रेशनचा, म्हणजे रिलीजवेळी डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टचा रोल. ही आज्ञा एका विशिष्ट रोलने बनवलेल्या वस्तूंनाच लागू होते, म्हणून 'फॉर रोल' लिहून तो रोल सांगावा लागतो. फक्त वाचनच द्यायचं असेल तर 14 व्या आवृत्तीपासून 'पीजी रीड ऑल डेटा' हा तयार रोल आहे, पण तो डेटाबेसच्या सगळ्या स्कीमा उघडतो.

एवढं शिकायचं का? तुमचं एकच अ‍ॅप आणि दोन-तीन माणसं असतील तर गरज नाही, मायएसक्यूएल घ्या. पण एकाच डेटाबेसवर अनेक टीम काम करणार असतील, किंवा एकाच टेबलात अनेक ग्राहकांचा डेटा राहणार असेल, तर माझं मत ठामपणे पोस्टग्रेसला. ओळीनुसार हक्क, म्हणजे कोणाला टेबलातल्या कोणत्या ओळी दिसाव्यात याच्या पॉलिसी, 9.5 पासून थेट डेटाबेसमध्येच आहेत; मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी व्ह्यू, म्हणजे टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरी, रचत बसावं लागतं. फक्त टेबलाच्या मालकाला या पॉलिसी डीफॉल्टने लागू होत नाहीत, त्यामुळे अ‍ॅपने मालक रोलने लॉगिन करू नये.

आणि माणूस नोकरी सोडून जातो तेव्हाचं बघा. पोस्टग्रेस मालकीची टेबलं असलेला रोल काढूच देत नाही. रीअसाइन ओन्ड या आज्ञेने ती दुसऱ्याच्या नावे करावी लागतात, त्रास आहे पण तो त्याच दिवशी संपतो. मायएसक्यूएलमध्ये अ‍ॅडमिनने युजर काढून टाकला, तर त्याच्या नावाने बनलेला व्ह्यू महिन्याअखेरीस रिपोर्ट चालवल्यावर 'डिफायनर (व्ह्यू ज्याच्या नावे बनला तो युजर) सापडत नाही' म्हणून बंद पडतो.