‘शाकाहारी’ कॅप्सूलचे 14,850 रुपये

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात हाडांच्या मोफत तपासणीचे शिबिर भरले होते. अशा शिबिरांत टाचेला यंत्र लावतात, कागदावर लाल आकडा काढतात आणि लगेच बाटल्या पुढे करतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. मलाही ठाऊक होते. तरीही बँकेत 31 वर्षे नोकरी केलेला मी 14,850 रुपये देऊन बसलो.

आई 78 वर्षांची आणि माळकरी आहे, म्हणून कॅप्सूल शाकाहारी आहे का, हाच माझा पहिला प्रश्न होता. ‘शंभर टक्के जवसाचे तेल, वरचे कवचसुद्धा वनस्पतीजन्य,’ असे त्या तरुणाने ठामपणे सांगितले. एका बाटलीत 60 कॅप्सूल, बाटली 2,475 रुपयांना आणि कोर्स सहा बाटल्यांचा. मी 5,000 रुपये रोख आणि 9,850 यूपीआयने दिले. पावती व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होती. ती आलीच नाही. पावती हातात पडल्याशिवाय रोख रक्कम देऊ नका.

खरे तर पहिली बाटली उघडली त्याच क्षणी मला कळायला हवे होते. कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला होता आणि आत मासळी बाजारासारखा वास कोंडला होता. आईने नाक दाबून विचारलेही, ‘अरे, जवसाला असा वास कधी येतो का?’ मी त्या तरुणाला फोन केला. उन्हाने कवच मऊ पडते, असे तो म्हणाला. ते खोटे नाही. जिलेटिन आणि ग्लिसरीनचे कवच उष्णतेने आणि दमटपणाने चिकट होतेच. पण वासाचे काय, हे मी विचारले नाही. चमच्याच्या दांड्याने तो गोळा फोडून मी स्वतःच्या हाताने आईला रोज दोन कॅप्सूल देत राहिलो.

अकराव्या दिवशी किमतीचे चिकटपत्र सोलले. खाली तपकिरी त्रिकोण होता, म्हणजे मांसाहारी पदार्थाची खूण. घटकांत ‘जिलेटिन’ लिहिले होते, जे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. शिवाय ईपीए 180 आणि डीएचए 120 मिलिग्रॅम (ही ओमेगा-3 प्रकारची मेदाम्ले) असे छापले होते. जवसाच्या तेलात हे दोन्ही घटक नसतात. ते माशाच्या नाहीतर शेवाळाच्या तेलातून मिळतात. समोर मोठ्या अक्षरांत मिरवलेले 1,000 मिलिग्रॅम हे केवळ तेलाचे वजन होते. औषधांच्या दुकानात याच प्रमाणाची बाटली मला 620 रुपयांना दिसली.

मी भोळा नाही, पण आईचे गुडघे रात्रभर ठणकतात तेव्हा माणूस चिकटपत्रे सोलत बसत नाही. त्यातच ती रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते. अशा रुग्णाला माशाचे तेल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे लागते, हेही मला नंतर कळले. बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी कॅप्सूल तत्काळ बंद करायला लावल्या.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. एका कार्यालयाने ‘कॅप्सूल म्हणजे औषध’ म्हणून दुसरीकडे पाठवले. तिथे ‘परवाना खाद्यपदार्थाचा आहे’ म्हणून परत धाडले. पूरक आहाराच्या कॅप्सूल अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात, एवढे तिथल्या माणसांना माहीत नसावे? तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. चौथ्या खेपेला साहेब दौऱ्यावर आणि पाचव्या खेपेला माझा अर्जच सापडेना. पोलीस चौकीत तर ‘काका, पैसे तुम्हीच दिलेत ना?’ असे ऐकावे लागले. अर्जाची शिक्का मारलेली प्रत मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. छापील किमतीवर चढ्या किमतीचे चिकटपत्र लावणे बेकायदा आहे, त्याचे छायाचित्र आधी काढून ठेवा. परवान्याचा 14 अंकी क्रमांक पैसे देण्यापूर्वी तपासा. मी तो नंतर तपासला. तो भलत्याच व्यवसायाचा निघाला.

पुराव्यासाठी राखलेल्या पाच बाटल्या आणि ती फोडलेली सहावी सध्या माझ्या स्कूटरच्या डिकीत आहेत, कारण आई त्या घरात ठेवू देत नाही.