तुमचा मेल आयडी दुसराच कुणीतरी वापरतोय: गप्प बसायचं, हटकायचं की पत्ताच बदलायचा?

गेली काही वर्षं माझ्या इनबॉक्समध्ये माझ्याशिवाय अजून एक माणूस राहतो. नाव-आडनाव माझंच, बाकी सगळं वेगळं. त्याला जिमची मेंबरशिप आहे, मला नाही. त्याची गाडी दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला येते, माझ्याकडे गाडीच नाही. आधी गंमत वाटायची, घरी वाचून दाखवायचो. मग एक दिवस एका लॅबकडून त्याचा रक्ताचा रिपोर्ट आला, नाव, वय, साखर, कोलेस्टेरॉल सगळं उघडं, आणि गंमत संपली. तेव्हापासून मी यावरचे जवळजवळ सगळे उपाय करून बघितलेत, त्यातले एकदोन शुद्ध मूर्खपणाचे होते, त्यामुळे तुम्ही आत्ता याच चक्रात असाल तर कुठला उपाय कधी आणि का एवढं तरी सांगू शकतो.

पण उपायांच्या आधी, तुमच्याकडे नक्की काय चाललंय ते बघा. कारण ‘माझा आयडी कुणीतरी वापरतंय’ या एकाच वाक्यात चार वेगळे प्रकार लपलेले असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

तुम्ही न पाठवलेल्या मेल परत येतायत, मेलर-डीमनकडून (म्हणजे मेल सर्व्हरच्या आपोआप येणाऱ्या उत्तरातून) ‘डिलिव्हर झाली नाही’ अशा, तर बहुतेक वेळा तुमचं खातं कुणी फोडलेलं नसतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतं तसंच ईमेलचं आहे. एसएमटीपी हा मेल पाठवायचा प्रोटोकॉल १९८२ चा, त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती, ती तपासणी करणारे एसपीएफ, डीकिम, डीमार्क हे सगळं नंतर वर चिकटवलेलं. सेंट फोल्डर बघा, तिथे काही नसेल आणि लॉगिनच्या यादीत अनोळखी डिव्हाइस नसेल तर फक्त तुमचं नाव वापरलं जातंय. यात तुमच्या हातात फारसं काही नाही. स्वतःचं डोमेन (@ च्या पुढचं नाव) असेल तर डीमार्क लावून घ्या, नसेल तर मेल कंपनीने ते लावलेलं असतंच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलंय, त्यामुळे घाऊक तोतयेगिरी थोडी अवघड झालीय.

दुसरा प्रकार म्हणजे खरोखरच कुणीतरी आत शिरलंय. इथे तुलना वगैरे करत बसू नका, पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा, आणि सगळे विसरतात ते म्हणजे फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, कारण चोर पासवर्ड गेला तरी मेल येत राहावी म्हणून तिथे एक नियम टाकून ठेवतो.

तिसरा म्हणजे तासाभरात शेकडो न्यूजलेटर आणि ‘वेलकम’ मेल. हा पूर वाटतो खोडसाळपणा, पण बऱ्याचदा त्याच्याखाली एकच खरी मेल दडवायची असते, तुमच्या कार्डवर झालेल्या खरेदीची किंवा बँकेच्या अलर्टची. सरसकट डिलीट मारू नका, आधी सर्चमध्ये ‘ऑर्डर’, ‘ट्रान्झॅक्शन’, ‘पासवर्ड’ असलं टाकून शोधा (इंग्लिश स्पेलिंगने, मेल त्याच भाषेत असतात), मग बाकीचं निस्तरा.

आणि चौथा माझावाला. आपल्याच नावाचा कुणीतरी फॉर्म भरताना आपला आयडी टाकतो. यात जीमेलवाल्यांचा एक मोठा गैरसमज असतो, ‘त्याचा आयडी डॉटवाला आहे, माझा बिनडॉटचा, गूगलची गल्लत झालीय’. तसं नाहीये. जीमेल @ च्या आधीचे डॉट मोजतच नाही, दोन्ही पत्ते तुमचेच, असा दुसरा मालक असूच शकत नाही. म्हणजे त्या माणसाचा खरा आयडी वेगळाच काहीतरी आहे, शेवटी एखादा आकडा असेल, आणि तो लिहायचा राहून जातो. इतर सगळ्या मेल कंपन्या असं करत नाहीत, आउटलूकमध्ये डॉट मोजला जातो, त्यामुळे तिथे डॉटवाला खरंच दुसरा कुणी असू शकतो.

आता या चौथ्या प्रकारासाठी काय काय करता येतं.

दुर्लक्ष, स्पॅम की अनसबस्क्राइब

तिन्ही सारखेच वाटतात पण नाहीत. अनसबस्क्राइब ओळखीच्या, खऱ्या कंपनीला चालतं, अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात तर विनंती आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत मेल थांबवायची असं बंधन आहे. पण ते फक्त जाहिरातींना लागू. बिलं, ऑर्डर, अपॉइंटमेंटच्या आठवणी या त्यात धरत नाहीत, आणि आपलं दुखणं नेमकं तेच असतं. म्हणजे सेलच्या मेल बंद होतात आणि त्याचं बिल येतच राहतं. भुरट्या मेलमध्ये तर अनसबस्क्राइब दाबूच नका, ‘हा पत्ता चालू आहे, इथे माणूस आहे’ एवढं त्यांना कळतं बस.

स्पॅम मारणं सोपं, पण ज्या कंपनीशी उद्या तुमचाही संबंध येऊ शकतो तिला स्पॅम मारलंत तर तुमची स्वतःची ओटीपीसुद्धा तिकडे जाऊन पडेल. मी स्पॅमपेक्षा फिल्टर बरा म्हणतो, त्या पाठवणाऱ्याच्या मेल एका वेगळ्या लेबलखाली, इनबॉक्सला बायपास करून. दोन मिनिटांचं काम, कुणाचं नुकसान नाही आणि उद्या पुरावा लागला तर सगळं जागेवर. ज्या मेलमध्ये कुणाचंच काही बिघडत नाही, जिम, दुकानं, कूपन, तिथे याच्यापुढे जाऊच नये.

‘हा मी नाही’ लिंक की कस्टमर केअर

नवीन खात्याची ‘तुमचा ईमेल व्हेरिफाय करा’ मेल आली की पहिला नियम, व्हेरिफाय दाबू नका, उत्सुकता म्हणूनसुद्धा नाही. नीट बांधलेली साइट त्याशिवाय खातं चालू करत नाही, सगळा घोळ ज्या साइट व्हेरिफाय करायलाच सांगत नाहीत त्यांच्यामुळे होतो. त्याच मेलमध्ये तळाला बारीक अक्षरात ‘हे तुम्ही नाही? इथे सांगा’ असं असेल तर आख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ उपाय. फक्त खोट्या मेलमध्येही हुबेहूब असलीच ओळ असते, तेव्हा लिंकवर बोट ठेवून पत्ता वाचा, आणि त्या पानाने पासवर्ड मागितला की बाहेर या. कुणी तुमचा आयडी आपल्या गूगल खात्याचा रिकव्हरी आयडी म्हणून टाकला असेल तर गूगलच्या मेलमध्ये तो तोडायची सोय असते, ती मात्र न चुकता वापरा.

अशी लिंक नसेल तर कस्टमर केअर, आणि इथे संयम लागतो. ठरलेलं उत्तर येतं, ‘कृपया तुमच्या खात्यात लॉगिन करून तक्रार नोंदवा’. अहो, खातं माझं नाही हीच तर तक्रार आहे! लॅबच्या रिपोर्टच्या वेळी माझं हे तीनदा झालं. मग मी त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीच्या पानावर अगदी खाली असलेल्या पत्त्यावर लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. कारण उघड आहे, कस्टमर केअरसाठी ती एक तक्रार असते, प्रायव्हसीवाल्यांसाठी एका पेशंटचा रिपोर्ट तिऱ्हाईताकडे गेलेला असतो. युरोपातल्या कंपन्यांना २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, चुकीची माहिती दुरुस्त करायला सांगितलं तर साधारण महिन्याभरात उत्तर द्यावंच लागतं. मजकूर छोटा ठेवा: ‘हा पत्ता माझा आहे, तुमचा ग्राहक मी नाही, त्याच्या खात्यातून हा पत्ता काढा आणि त्याला फोनवर कळवा.’ ओळखपत्राची कॉपी मागितली तर देऊ नका, त्याच पत्त्यावरून मेल पाठवताय हाच पुरेसा पुरावा आहे.

पासवर्ड रिसेट करून आत शिरायचं का

मोह होतोच. ‘फर्गॉट पासवर्ड’ दाबायचं, लिंक आपल्याकडेच येणार, आत जायचं, खातं बंद, पाच मिनिटांत विषय संपला. मी केलंय. त्याचं एका व्हिडिओ सर्व्हिसचं खातं होतं, आत गेलो तर समोर त्याच्या मुलांच्या नावांची प्रोफाइल, कार्टूनचे चेहरे लावलेली. कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरल्यासारखं झालं आणि तसाच बाहेर आलो. पण पासवर्ड तर बदलून बसलो होतो. त्या संध्याकाळी माझ्याकडे पासवर्ड रिसेटच्या अकरा मेल आल्या, एकामागून एक, तो बिचारा तिकडे ‘मेल आली नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत होता आणि मी इकडे बघत बसलो होतो.

मेल आयडी तुमचा आहे, खातं त्याचं आहे. हे दोन वेगळे राहतात हे डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. आत त्याचा पत्ता, ऑर्डर, कार्डाचे शेवटचे आकडे असतात, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे, ‘लिंक माझ्याकडे आली’ हा बचाव किती टिकेल याचा प्रयोग स्वतःवर करू नका. त्याचे फोटो किंवा पैसे त्या खात्यात अडकले तर ती भानगड वेगळीच. वेगाच्या बाबतीत हा उपाय पहिला, बाकी सगळ्यात शेवटचा.

कुणी मुद्दाम तुमच्या नावाने, तुमचा फोटो लावून खातं उघडलं असेल तर ते नामसाधर्म्य नाही. तरीही आत जाऊ नका, स्क्रीनशॉट काढा, तोतया खातं म्हणून त्या साइटवर रिपोर्ट करा आणि सायबर पोलिसांकडे जा.

एक चलाखी इथेच सांगून टाकतो. २०१८ मध्ये एका प्रोग्रॅमरने जीमेलचा डॉट आणि व्हिडिओ सर्व्हिस यांच्या जोडीतला सापळा उघड मांडला होता. समोरचा तुमच्या आयडीत डॉटची जागा बदलून नवीन खातं उघडतो, त्याचं कार्ड चाललं नाही की कंपनी तुम्हाला मेल पाठवते, ‘कार्ड अपडेट करा’. मेल शंभर टक्के खरी, लिंक खरी, आणि तुम्ही आपलंच खातं समजून कार्ड टाकलंत की पुढचे पैसे तुमच्याकडून आणि सिनेमे त्याला. म्हणून पैशाच्या मेलमधून कधीच आत जायचं नाही, आपलं ॲप उघडून तिथे काही थकलंय का ते बघायचं.

त्या माणसालाच गाठावं का

मशीनने पाठवलेल्या मेलसाठी नाही. पण माणसाने माणसाला लिहिलेली मेल असेल तर एक ओळ जरूर लिहा. मला त्याच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं, दोन दिवसांवरची तारीख. फिल्टरमध्ये गेलं असतं तर त्याला कळलंही नसतं. मी उलट लिहिलं, ‘हा उमेदवार मी नाही, आयडी चुकलाय, बायोडेटामध्ये नंबर असेल तर फोन करा.’ तासाभरात ‘धन्यवाद, बोलणं झालं’ असं उत्तर आलं. पाठवणाऱ्याला सांगायचं, आपण अंदाजाने त्याचा खरा आयडी शोधून कागद फॉरवर्ड करायचे नाहीत, अंदाज चुकला तर त्याचे कागद तिसऱ्याकडे गेले.

आणि समोरून कुणी ‘चुकून तुमचा आयडी टाकला, आलेला कोड सांगता का’ म्हणून आलं तर सांगायचं नाही. खरा असला तरी नाही, तो कोड तुमच्याच खात्याचा असू शकतो.

पत्ता बदलणं की टोपण पत्ते

वैताग आला की पत्ताच बदलावासा वाटतो. बँक, सरकारी कामं, विमा, शेकडो लॉगिन, सगळीकडे बदलत बसायचं, आणि जुना पत्ता तरीही जिवंत ठेवावाच लागतो, कारण राहून गेलेल्या एखाद्या खात्याची रिसेट लिंक तिथेच येणार. याहूने २०१३ मध्ये पडीक आयडी नव्या लोकांना देऊन टाकले होते. गूगल बंद केलेला जीमेल पत्ता दुसऱ्याला देत नाही, पण दोन वर्षं हातच न लावलेलं खातं काढून टाकू शकतं. नामबंधूच्या विसरभोळेपणासाठी एवढा खटाटोप करू नये असं माझं मत. कुणी हात धुऊन मागे लागलं असेल, धमक्या येत असतील, तर मात्र करावा.

टोपण पत्त्यांचं, म्हणजे ॲपलचं हाइड माय ईमेल किंवा फायरफॉक्स रिले, काम वेगळं आहे. प्रत्येक साइटला वेगळा पत्ता द्यायचा, मेल तुमच्या खऱ्या इनबॉक्समध्येच येते, स्पॅम सुरू झालं की कुणाकडून फुटलं ते कळतं आणि तेवढाच पत्ता बंद करता येतो. खरा आयडी बाहेर फिरू नये म्हणून उत्तम. पण ज्याला तुमचा आयडी स्वतःचाच वाटतो, त्याला यातलं काहीच थांबवत नाही.

माझ्याकडे आता ‘दुसरा’ नावाचं एक लेबल आहे. आठवड्यातून एकदा उघडतो, माणसाने लिहिलेलं काही असलं तर एक ओळ पाठवतो, बाकी हात लावत नाही. लॅबकडून परत काही आलं नाही. जिमवाले अजून विचारतायत, बरेच दिवसांत दिसला नाहीत.