आठ महिन्यांचा अनुभव: सुपरहिरो कॉमिक्स घेताना ‘खंड 1’ला भुलू नका

जूनपासून जानेवारीपर्यंत पाच पुस्तकं घेतली. एकूण 4,700 रुपये गेले. त्यातले 1,450, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, एका आकड्यापायी वाया गेले. कव्हरवर ठळक 1 छापला होता, म्हणून घेतलं. हे लिहायला बसले ते त्या 1 साठीच, कारण नव्या माणसाला तोच आधी गाठतो.

आमच्याकडं सुरुवात भाचीमुळं झाली. ती आठवीत आहे, सुट्टी लागली की मिरजेहून सांगलीला येते. सिनेमे तिनं सगळे बघितलेत. म्हणाली, “मावशी, यांची खरी पुस्तकं असतात ना गं? कुठनं सुरू करू?” मला कुठं माहीत होतं! मी मार्केट यार्डात हळदीच्या आडतीत हिशेब लिहिते. पण कॉमिक्स आमच्या घराला परकी नाहीत. आप्पांची इंद्रजाल कॉमिक्सची एक ट्रंक होती, मराठीतला वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक. 2005 च्या पुरात गावभागातल्या घरात ती माळ्यावर चढवून वाचवली. 2019 ला पाणी त्याहून वर आलं. ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता लगदा. आप्पा त्या दिवशी जेवले नव्हते. त्यामुळं भाचीनं विचारल्यावर माझ्याआधी तेच म्हणाले, “आण की तिला. पैशाचं मी बघतो.”

ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानातून पहिलं पुस्तक मागवलं. दुकानाचं नाव घेत नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नव्या वाचकांनी इथून सुरुवात करावी.’ कव्हरवर 1. आणखी काय बघायचं? तिसऱ्या दिवशी पुस्तक आलं, कागद गुळगुळीत, छपाई झकास. दुसऱ्याच पानावर पाच जण एका ढासळलेल्या इमारतीवर उभे, आणि त्यातला एक कुणाच्या तरी मरणाबद्दल दुसऱ्याला दोष देतोय. चौकटीच्या तळाला एक बारीक तारा आणि त्याच्या पुढं ‘अमुक अंक पाहा’. भाची विचारते, “कोण मेलंय?” मी पानं उलटत राहिले. चाळीस पानांत असे तारे मी मोजले, अकरा निघाले. ती पुस्तक ठेवून मोबाईलकडं वळली.

दुकानाला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलायची, पण प्रश्न ठरलेले. “मॅडम, पान फाटलंय का? पानं कमी आहेत का?” नाही. “मग दोष काय आहे?” मी म्हटलं, यात गोष्टीची सुरुवातच नाही. “पण मॅडम, कव्हरवर 1 आहे ना?” चार फोन झाले, दोन मेल झाल्या. माझं म्हणणं एवढंच, की ‘इथून सुरुवात करा’ हे तुम्ही लिहिलंत, मी नाही. पुस्तक परत घेतलं नाहीच. शेवटी 150 रुपयांचं कूपन पाठवलं, मुदत फेब्रुवारीअखेर.

राग आला म्हणून मग या 1 च्या मागंच लागले. आणि जे समजलं ते मला माझ्या कामामुळं लगेच समजलं. आम्ही एप्रिलला नवीन बिलबुक काढतो, नंबर 1 पासून. पण खतावणी, म्हणजे खात्यांची वही, उघडली की पहिली ओळ असते मागील बाकीची. शेतकऱ्याला दिलेली उचल नवी वही आली म्हणून फिटत नाही. कॉमिक्सवाले अगदी हेच करतात. फक्त मागील बाकी किती, ते कव्हरवर छापत नाहीत. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ची मालिका 1963 ला अंक 1 पासून सुरू झाली; असे काही अंक एकत्र बांधले की एक खंड होतो. मग 1999 ला पुन्हा 1. पुन्हा 2014, 2015, 2018, 2022. दरवेळी 1, कारण 1 नंबरचा अंक जास्त खपतो. सुपरमॅन-बॅटमॅन काढणाऱ्या डीसी या कंपनीनं सप्टेंबर 2011 मध्ये एकदम 52 मालिका 1 पासून काढल्या. त्यात 1938 पासून चालत आलेली ‘ॲक्शन कॉमिक्स’सुद्धा होती, म्हणजे सुपरमॅन ज्यात जन्मला तीच. पुढं 2016 ला तिचा जुना आकडा परत धरला आणि 2018 ला हजारावा अंक काढला! हिशेबनिसानं असं केलं तर शेठ दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील.

म्हणून माझं सांगणं एकच. पुस्तकावर कितवा खंड लिहिलाय ते बघू नका. त्यात मागील बाकी किती आहे ते बघा. दुकानात असाल तर पहिली दहा पानं उलटा. तळाला तारे दिसले, न ओळखलेल्या माणसाचा शोक दिसला, की ठेवून द्या.

आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “वेताळ कुठनंबी उघड, कळतंय की.” खरंच आहे. बुडालेलं जहाज, किनाऱ्याला लागलेला माणूस, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, आणि बापामागून मुलगा असा आजचा एकविसावा वेताळ. गोष्ट कुठलीही असो, एवढं सांगूनच पुढं जायची सवय होती. रोज पेपरात पट्टी यायची, कालची सुटलेल्याला आज कळलं पाहिजे, म्हणून वेताळ लिहिणारे ली फॉक यांनी तशी मांडणी ठेवली असणार, असं मला वाटतं. नव्या कॉमिक्सनं ही सवय सोडली, त्याचं मला वाईट वाटतं.

नंतर मी उलट्या टोकाला गेले. ठरवलं, मग अगदी मुळापासून वाचायचं. स्पायडरमॅनची सगळ्यात पहिली गोष्ट, ऑगस्ट 1962, ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक, स्टॅन ली यांचं लेखन, स्टीव्ह डिटको यांची चित्रं. गोष्ट फक्त 11 पानांची. मोबाईलवर वाचायला घेतली आणि मला ती जड गेली. माणूस भिंतीवर चढतोय हे चित्रात दिसतंय, तरी तो ते बोलूनही दाखवतो. त्यात अक्षरं सगळी कॅपिटल. सेमी इंग्लिशच्या मुलीला सलग कॅपिटलमधली वाक्यं वाचायला त्रास होतो, हे मला तेव्हा कळलं. ऑगस्टमध्ये कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जुनं अजिबात घेऊ नका. ते मत पुढं बदललं.

गाडी रुळावर आली ती ‘मिस मार्व्हल’मुळं. 2014 ची मालिका, जी. विलो विल्सन यांचं लेखन, एड्रियन अल्फोना यांची चित्रं. पहिल्या पुस्तकात पाच अंक आहेत, 850 रुपये, पातळ. जर्सी सिटीत राहणारी कमला खान, वय 16, घरचे पाकिस्तानातून गेलेले. पहिल्याच पानावर ती दुकानात उभी राहून घरात न चालणाऱ्या मांसाचा नुसता वास घेतीये. खायचं नाही, फक्त वास! भाचीच्या घरी माळकरी वातावरण आहे आणि शाळेच्या रस्त्यावर अंडाबुर्जीची गाडी. ती ते पान बघून इतकी हसली की आतून आई विचारत आली. त्या रात्री तिनं पुस्तक संपवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. आठवड्यात तीनदा झालं, म्हणजे दर वाचनाला 283 रुपये पडले. पुढं मिरजेतल्या दोन मैत्रिणींनी नेलं, तो आकडा आणखी खाली आला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. कमलाला शक्ती मिळते ती शहरावर पसरलेल्या एका धुक्यामुळं, आणि ते धुकं दुसऱ्याच एका मोठ्या कथेतून आलेलं आहे. म्हणजे इथंही मागील बाकी आहे. पण किरकोळ. धुकं आलं, मुलगी बदलली, एवढ्यावर गोष्ट चालते. मला ते धुकं दुसरीकडचं आहे हे तीन महिन्यांनी कळलं आणि काही अडलं नव्हतं.

‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चा पहिला भाग सांगलीतच जुन्या पुस्तकांत 400 रुपयांना मिळाला. कोपरे मुडपलेले, पानं सगळी जागेवर. 2000 साली स्पायडरमॅन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनं जुन्या खात्याला हात न लावता शेजारी अगदी कोरं खातं उघडलं. ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी 1962 ची तीच 11 पानांची गोष्ट सात अंकांत सांगितली. त्यामुळं स्पायडरमॅनचे काका-काकू आधी माणसं म्हणून कळतात आणि मग काका गेल्यावर घशाशी येतं. ज्या मुलांना सिनेमातला दुसरा स्पायडरमॅन, माइल्स मोरालेस, आवडतो तोही याच खात्यातला, 2011 मध्ये आला. आमच्या पाच पुस्तकांत पैसा वसूल झाला तो याच्यात.

हे वाचून झाल्यावर मी पुन्हा 1962 कडं गेले, आणि इथं माझं मत बदललं. पळणारा चोर शेजारून जातो, पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, अडवत नाही, कारण ते आपलं काम नाही. नंतर काका मारले जातात. पीटर मारेकऱ्याला गाठतो, तोंड बघतो, तर तोच चोर. डिटकोनं तिथं मुखवट्यावर डोळे रेखाटलेत, आणि ते बघून मी मोबाईल खाली ठेवला. सात अंकांत जे हळूहळू येतं ते इथं थप्पडीसारखं येतं. म्हणजे जुनं वाईट नव्हतं, माझा क्रम चुकला होता. आधी 2000, मग 1962.

मोठ्यांसाठी विचाराल तर ‘बॅटमॅन: इयर वन’. 1987, फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली, चार अंक, मला 700 ला पडलं. पहिल्या पानावर 4 जानेवारी ही तारीख, पोलीस अधिकारी गॉर्डन रेल्वेनं शहरात येतोय आणि ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, विमानानं. पुढचं वर्षभर असंच तारीखवार. मी रोज कीर्द, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, लिहिते, त्यामुळं ही मांडणी मला फार जवळची वाटली. त्यात वेश्यावस्ती आहे, मारहाण आहे, म्हणून भाचीला दिलं नाही. पाचवं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, 1,300 रुपये, बारा अंक एकत्र. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी सुपरमॅनचा सगळा जन्म पहिल्या पानावर चार चित्रांत आणि आठ शब्दांत उरकलाय. मरणारा ग्रह, शास्त्रज्ञ, यान, प्रेमळ नवरा-बायको. झालं. सगळी मागील बाकी एका पानात चुकती करून मग गोष्ट सुरू! याच्यासारखं दुसरं मला अजून सापडलेलं नाही.

‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ची शिफारस सगळे करतात. मी नव्या माणसाला करणार नाही. दुसऱ्यात तर बॅटमॅन 55 वर्षांचा आहे आणि दहा वर्षांपूर्वी काम सोडलेला. निवृत्तीची गोष्ट आधी वाचून नोकरी काय कळणार?

पावसाळ्याबद्दल एक सांगते. गुळगुळीत कागदाची पानं आमच्याकडच्या दमटपणात एकमेकांना चिकटतात. आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा, आणि जमिनीपासून वर. आप्पांनी या पाच पुस्तकांसाठी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा रिकामा करून दिलाय.

त्या 1,450 च्या पुस्तकाचं म्हणाल तर जानेवारीत पुन्हा उघडलं. आता पाचातले तीन जण ओळखीचे झालेत. कोण मेलं ते अजून कळलेलं नाही. दुकानाचं कूपन मुदतीच्या चार दिवस आधी वापरून टाकलं, भाचीच्या आग्रहावरून ‘मिस मार्व्हल’चा दुसरा खंड मागवला. 150 वजा होऊन 690 पडले. काल पार्सल आलं. आप्पा अंगणात खुर्ची टाकून ते वाचत बसलेत, आणि भाची त्यांच्या मागं उभी राहून “आप्पा, पान उलटा ना आता” म्हणतीये.