ह्युदों की बोल्यू? क्यूबेकची वंशावळ काढताना पैसे कुठे घालावेत

घरात कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांताकडची सून किंवा जावई आला आणि त्या बाजूची वंशावळ काढायची हौस आली, की जुन्या नोंदी शोधायच्या तीन संकेतस्थळांची नावं समोर येतात: फॅमिलीसर्च, पीआरडीएच आणि झेनेआलोजी क्यूबेक. यातलं कुठलं घ्यायचं हे किमतीवरून ठरवू नका. आपला धागा कोणत्या शतकात तुटलाय, त्यावरून ठरवा.

त्याआधी आडनावाचं समजून घ्यायला हवं. तिथल्या जुन्या नोंदींत 'ह्युदों दी बोल्यू' अशी जोडनावं सर्रास दिसतात. 'दी' म्हणजे 'उर्फ'. बरीचशी उर्फनावं सैनिकांची होती. 1665 मध्ये आलेल्या कारिन्यान-सालिएर पलटणीतले कित्येक जण तिथेच स्थायिक झाले. अडचण अशी की एक भाऊ ह्युदों लावतो, दुसरा बोल्यू, आणि नातू तिसऱ्याच स्पेलिंगने सही करतो. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे म्हणवणाऱ्यांचं 'मूळ आडनाव' वेगळं निघतं, तसलाच प्रकार. म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्या. पहिल्या नावावरही विसंबू नका: बाप्तिस्म्यात मुलाला बहुधा 'जोसेफ' आणि मुलीला 'मारी' आधी लावत, हाक मारायचं नाव शेवटी.

खरा आधार चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीचा. पहिलं लग्न असेल तर वधू-वर दोघांचेही आईवडील त्यात असतात, आयांच्या माहेरच्या आडनावासकट. शिवाय बाई लग्नानंतरही चर्चच्या वहीत माहेरच्याच नावाने राहते, त्यामुळे आईकडची बाजू शोधायला फार सोपी जाते. एका लग्नावरून आईवडिलांच्या लग्नावर जायचं. दर पिढीला साधारण तीस वर्षं मागे. 1900 पासून निघालात तर सात-आठ उड्यांत 1680 च्या आसपास पोचता. साखळी हमखास अडते ती दुसऱ्या लग्नापाशी. तिथे विधुराच्या आईवडिलांऐवजी बहुतेकदा मृत बायकोचंच नाव लिहिलेलं असतं. अशा वेळी त्याचं पहिलं लग्न शोधायचं.

आता निवड. फॅमिलीसर्च फुकट आहे, 1621 पासूनच्या कॅथलिक वह्यांची छायाचित्रं तिथे आहेत. पण सूची अपुरी आहे. गाव आणि अंदाजे वर्ष माहीत नसेल तर पानं उलटत बसावं लागतं. गाव माहीत असेल तर मात्र एक पैसाही खर्च करू नका.

पीआरडीएच हा माँट्रियाल विद्यापीठात 1966 मध्ये सुरू झालेला प्रकल्प. सुरुवातीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नोंदी जोडून त्यांनी कुटुंबंच उभी केलीत. उर्फनावं आणि स्पेलिंगही एका प्रमाण नावाखाली आणलंय. 1850 च्या मागे जायचं असेल तर याला तोड नाही. पैसे उघडलेल्या पानांच्या हिशोबाने जातात, म्हणून आधी कागदावर नावं जुळवा, मग पान उघडा. मूळ वहीचं पान मात्र इथे मिळत नाही, ते दुसरीकडे ताडून पाहावं लागतं.

झेनेआलोजी क्यूबेक ही द्रूएँ संस्थेची वर्गणीची सेवा. तिच्या लाफ्रांस सूचीत 1918 पर्यंतची कॅथलिक लग्नं आहेत, आणि क्लिक केलं की मूळ पान उघडतं. 1850 ते 1918 मध्ये अडकलेल्यांनी हीच घ्यावी. महिनाभराची वर्गणी घेऊन सुट्टीत सलग बसलात तर बरंच काम उरकतं.

तांग्ये या धर्मगुरूने केलेला फ्रेंच-कॅनेडियन घराण्यांचा सात खंडी वंशावळ-कोश नेटवर फुकट मिळतो. वाटाड्या म्हणून ठीक, पण त्यात चुका आहेत. त्यावरून वंशावळीत काही कायमचं लिहू नका. डीएनए चाचणीतही जपून. मोजक्याच मूळ कुटुंबांमधून ही वस्ती वाढल्यामुळे तेच पूर्वज अनेक बाजूंनी येतात, आणि लांबचा भाऊबंद जवळचा दिसतो.

घराणं अमेरिकेत न्यू इंग्लंडला गेलं असेल तर आधी तिथल्या आडनावाचं फ्रेंच रूप शोधा: किंग म्हणजे रुआ, ग्रीनवुड म्हणजे बुआवेर. आणि शॉर्टस्लीव्ह भेटलाच तर तो बहुधा कुर्तमांश.