सर्व्हरची सेटिंग: बॅश स्क्रिप्टच ठेवू की अ‍ॅन्सिबल शिकू?

राजेहो, जिनिंगच्या वजनकाट्याचं एक छोटं वेब अ‍ॅप मी सांभाळतो, जँगोमधलं (पायथन भाषेत वेब अ‍ॅप बनवायचं साधन). कापूस यायच्या तोंडावर दरवर्षी सर्व्हरवर तीच कामं, नवा कोड टाका, डेटाबेसचा पासवर्ड भरा, एन्जिनएक्सची (वेब सर्व्हरची) फाइल बदला, सर्व्हिस रिस्टार्ट करा. हातानं करणं कवाच सोडलं. आता स्क्रिप्ट कशात लिहायची, बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड एका फाइलीत) का अ‍ॅन्सिबलमध्ये (सर्व्हर कसा पाहिजे ते लिहून दिलं का तसा करणारं साधन), हे दोन्ही वापरून पाहिलं म्हणून सांगून राहिलो.

बॅशचं सुख असं का सर्व्हरवर नवीन काहीच टाकावं लागत नाही, जे कमांड हातानं मारता तेच फाइलीत लिहायचे अन् वर सेट -ई टाकायचं म्हणजे एखादी कमांड फसली की गाडी तिथंच थांबते. एका दुपारचं काम. पण पहिल्यांदा चालवणं सोपं, दुसऱ्यांदा चालवताना खरी गंमत. रात्री वजनाचा मेसेज पाठवायची क्रॉनची (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीची) लाइन मी इको कमांडनं फाइलीच्या शेवटी जोडत होतो, स्क्रिप्ट दोनदा चालवली, लाइनही दोनदा बसली, अन् प्रत्येक शेतकऱ्याला तोच मेसेज दोनदा. सकाळीच एका काकांचा फोन, "काऊन रे बाबू, मेसेज दोन आले, पैसे बी दोन खेपा भेटतीन का?"

अ‍ॅन्सिबलमध्ये हे होत नाही कारण तिथं आपण "लाइन जोड" म्हणत नाही, "ही लाइन असली पाहिजे" म्हणतो. असली तं ओके, नसली तं टाकते अन् चेंज्ड दाखवते. क्रॉनच्या कामाला नाव देता येते, त्या नावानंच ते शोधते. एन्जिनएक्सची फाइल बदलली तरच रिस्टार्ट, यासाठी हँडलर आहेत. चेक अन् डिफ हे पर्याय लावून काय बदलणार ते आधीच पाहून घ्या, पासवर्ड व्हॉल्टमध्ये कुलूपबंद ठेवा. बॅशमध्ये यातलं सगळं स्वतः लिहावं लागते, अन् कोणी लिहीत नाही, मी बी नाही लिहिलं.

त्रास? यॅमल, म्हणजे अ‍ॅन्सिबलच्या फाइली लिहायची पद्धत. एक स्पेस इकडची तिकडं झाली का संध्याकाळ गेली, अन् टॅब तं चालतच नाही. विंडोज लॅपटॉप असला तं अ‍ॅन्सिबल सरळ चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्यावं लागते. सर्व्हरवर पायथन पाहिजे, आमच्याकडे जँगोमुळे होतंच. आणि गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे हळू चालते, दर टास्कला एसएसएचच्या (सर्व्हरशी दुरून जोडणीच्या) खेपा. पाइपलायनिंग (ह्या खेपा कमी करणारी सेटिंग) चालू केलं तं बराच फरक पडते.

आता आपल्याकडचा मुख्य मुद्दा, लाइट अन् नेट. बॅश स्क्रिप्ट सर्व्हरवर नेऊन टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं साधन) चालवली तं इथली लाइट जाओ, नेट जाओ, तिकडं ती चालूच राहते. अ‍ॅन्सिबल आपल्या लॅपटॉपवरून चालते म्हणून नेट गेलं का अनरीचेबल, काम अर्धवट. पण लाइट आल्यावर तीच कमांड पुन्हा मारा, अ‍ॅन्सिबलचे तयार मॉड्यूल नीट वापरले असतीन तं झालेलं सोडून उरलेलं करते. अर्धवट थांबलेली बॅश पुन्हा चालवायची मले तं भीतीच वाटते.

म्हणून सर्व्हर एकच, तुम्ही एकटेच, काम वर्षातून दोनदा, तं बॅशच ठेवा भाऊ. फक्त जोडाजोडी बंद करा, क्रॉनची अख्खी फाइल दरवेळी नवीन लिहा, फोल्डरसाठी एमकेडीआयआर -पी (फोल्डर आधीच असला तरी फसत नाही), आणि रीलोडच्या आधी एन्जिनएक्स -टी (फाइलीत चूक आहे का ते तपासते) मारल्याशिवाय पुढं जायचं नाही. पण दुसरा सर्व्हर आला, नाही तं तुमच्यासोबत दुसरं पोरगं हात लावायला लागलं, तं लगेच अ‍ॅन्सिबल. पपेट, शेफ वगैरे अशाच कामाची साधनं मोठी आहेत, एका काट्यासाठी त्यांच्या नादी लागू नका.

माझं सध्या अर्धं इकडं अर्धं तिकडं आहे. क्रॉनची लाइन मात्र सगळ्यात पहिले अ‍ॅन्सिबलमध्ये नेली.